डावा खांदा

‘परवा या’ असं टेलर म्हणाला की शहाण्या माणसानं पुढचा आठवडा धरून चालावं. बारक्याचे बाबा मात्र त्यातले नव्हते. दिलेल्या दिवशी कोट तयार म्हणजे तयार, आणि तोही असा की आरशासमोर उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाला नाक मुरडायला जागा सापडू नये. मापं लिहून ठेवायची त्यांना कधी गरज पडली नाही. माणूस दुकानात आला, खुर्चीत बसला, उठला, दोन शब्द बोलला, की त्याचं माप त्यांच्या डोक्यात जाऊन बसायचं. गळ्यात टेप असायची खरी, पण ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. टेप न लावता कोट शिवला तर लोकांना फसवल्यासारखं वाटतं, असं ते म्हणायचे.

असा माणूस दोन वर्षं नुसत्या चेनी बदलत आणि पँटी आखूड करत बसला होता. बारक्याचा दादा गेला आणि दुकानातलं कोटाचं काम बंद झालं. मोठी कातर तेल लावून, कापडात गुंडाळून वरच्या फळीवर गेली. कुणी कोटाचं कापड घेऊन आलंच तर बाबा मान वर न करता दुसऱ्या एका टेलरचा पत्ता सांगायचे. ज्याला ते जन्मभर ‘गोणी शिवणारा’ म्हणत आले, त्याचाच पत्ता.

त्यामुळे बारक्याला हॉटेलचं काम शिकवणाऱ्या शाळेत प्रवेश मिळाला, वसतिगृहात राहायचं ठरलं आणि तिथं पहिल्या दिवसापासून काळा कोट सक्तीचा आहे असं कळलं, तेव्हा त्यानं मनातल्या मनात बाजारातला तयार कोट धरून ठेवला होता. घरात हा विषय काढायची त्याची छाती नव्हती. तर एका संध्याकाळी बाबा स्वतःच स्टुलावर चढले, फळीवरची कातर खाली काढली, तिच्यावरची धूळ फुंकली आणि म्हणाले, “कोट मी शिवीन.”

बारक्या सोळा वर्षांचा. या वयात आनंद झाला तरी तो तोंडावर दिसू द्यायचा नसतो, असा पोरांचा एक वेडगळ नियम असतो. तो “बरं” एवढंच म्हणाला आणि जिना चढून वर आला. पण वर येऊन त्यानं उशीत तोंड खुपसलं आणि एकटाच हसला. रात्री खालून कातरीचा आवाज येऊ लागला. जाड कापडातून मोठी कातर चालताना एक जड, सावकाश आवाज होतो. तो आवाज ऐकतच तो लहानाचा मोठा झाला होता.

आता बाबा हाक मारतील, हात वर कर म्हणतील, याची तो वाट बघत राहिला. हाक आली नाही. मग त्यानंच मनाची समजूत घातली, की बाबांना टेप कुठं लागते? नजर पुरते. आणि नजर पुरावी म्हणून तो काम नसताना दुकानातून ये-जा करू लागला. ताठ चालायचा. पाणी आणून द्यायचा, सांडलेल्या टाचण्या वेचायचा, कापायच्या टेबलासमोर उगाच उभा राहायचा.

“काय पाहिजे?” बाबा विचारायचे.

“काही नाही.”

“मग उजेड अडवू नकोस.”

आणि ते मान खाली घालून टीप मारत राहायचे.

निघायच्या आदल्या रात्री जेवणं झाल्यावर बाबांनी कोट हँगरला लावून त्याच्या हातात दिला. रात्रंदिवस मशीनवर बसून त्यांचे डोळे लाल झाले होते, आणि झोपेची गोळी त्यांनी जेवणाबरोबरच घेऊन टाकली होती. “सकाळी अंगावर बघतो,” असं म्हणून ते आतल्या खोलीत जाऊन पडले.

बारक्याला कुठला धीर धरवतोय. बाबांचा श्वास संथ झाल्याबरोबर तो कोट घेऊन खाली दुकानात आला, मशीनवरचा दिवा लावला आणि मोठ्या आरशासमोर उभा राहिला.

कोट देखणा होता. कॉलर अशी वळलेली की बोट फिरवत राहावंसं वाटावं. त्यानं हात घातले. बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत आल्या. छातीत आणखी एक शर्ट मावेल एवढी जागा होती. त्याला हसू आलं. वाढत्या अंगाचा शिवलाय, त्याला वाटलं. मग त्यानं बटण लावलं आणि आरशात नीट बघितलं.

डावा खांदा उजव्यापेक्षा वर आला होता.

त्यानं कोट झटकला, खाली ओढला, काढून पुन्हा घातला. डावा खांदा वरच. त्यानं आत हात घालून अस्तरावरून बोटं फिरवली. उजवीकडे खांद्याची नेहमीची पातळ गादी लागली. डावीकडे त्या गादीवर आणखी एक होती, कडेला उतरती केलेली, टाका न् टाका बेतानं घातलेली. हात चुकून असं काम होत नाही. ते मापानं केलं होतं. फक्त ते माप बारक्याचं नव्हतं.

डावा खांदा दादाचा उतरता होता. लहानपणी तो दुकानातल्या माळ्यावरून पडला, गळ्याचं हाड मोडलं आणि तिरकं जुळलं. घरात सगळ्यांनाच त्याची इतकी सवय झाली होती की सरळ खांद्यांची माणसंच वाकडी दिसायची. दादाला बाबांनी एकच कोट शिवला होता, त्यात डावीकडे अशीच दुहेरी गादी होती. तो कोट दादाबरोबरच गेला.

बारक्यानं आणखी एक गोष्ट बघून घेतली, आणि ती बघितली नसती तर बरं झालं असतं. वाढत्या मुलाचा कोट म्हटला की कालचा शिकाऊ पोरगाही शिवणीच्या आत जादा कापड सोडतो, पुढं उसवून सैल करता यावं म्हणून. त्यानं बाहीची मुडप उलटून पाहिली, बगलेची शिवण चाचपली, पाठ चाचपली. कुठंच काही सोडलेलं नव्हतं. बाबांनी ज्याच्यासाठी कोट शिवला होता, तो आता वाढणार नव्हता.

दिवा मालवून तो वर आला आणि पलंगावर पडला. खोलीत दोन पलंग होते. दुसऱ्यावर गादी होती, चादर होती, आणि कुणी नव्हतं. सकाळची पहिली बस होती. त्याआधी बाबा कोट अंगावर बघणार होते.

सांगावं, तर आपण गेलेल्या मुलाचा कोट शिवून बसलो हे त्या माणसाला कळणार. दोन वर्षांनी खाली आलेली कातर पुन्हा फळीवर जाणार, आणि या वेळी ती कायमची जाईल हे सांगायला ज्योतिषी नको. न सांगावं, तर मग बारक्यानं या घरातून निघायचं ते बाबांनी एकदाही त्याच्याकडे न बघता. आणि त्याला हवं तरी काय होतं? कोट गेला खड्ड्यात. जाण्याआधी एकदा बाबांनी आपल्याकडे बघावं, नुसतं आपल्याकडे, एवढंच त्याला हवं होतं. ते हवं असण्याचीही त्याला लाज वाटत होती, आणि लाज वाटूनही ते हवंच होतं.

डोळ्याला डोळा लागेना. तो या कुशीवर झाला, त्या कुशीवर झाला, पांघरूण काढलं, पुन्हा घेतलं. दुसऱ्या पलंगाकडे पाठ केली की तिकडून कुणीतरी बघतंय असं वाटायचं, आणि तोंड केलं की तिथं कुणी नसायचं.

“बारक्या, झोपलास?” दादा रोज रात्री विचारायचा.

“हो.”

“मग बोलतोस कसा?”

हा विनोद रोज व्हायचा आणि बारक्याला रोज हसू यायचं. दादाचं सगळंच असं. बाबांनी दुकानात कधी लाकडी पुतळा ठेवला नाही. “पुतळ्याला श्वास कुठं असतो?” म्हणायचे. “कोट श्वास घेणाऱ्यावर बसला पाहिजे.” तो श्वास घेणारा म्हणजे दादा. गिऱ्हाईक जाडं असो की काटकुळं, कच्चा टाका घातलेला कोट आधी दादाच्या अंगावर चढायचा. कोटाच्या डाव्या खांद्याखाली रुमालाची घडी सरकवली की दादा सरळ माणूस व्हायचा, आणि मग बाबा त्याच्यावरून गिऱ्हाइकाचं पोट, गिऱ्हाइकाची पाठ, गिऱ्हाइकाचा पोक असा हिशेब करत टाचण्या लावत जायचे. बाबा त्याला ‘साहेब’ म्हणायचे आणि चक्क अहो-जाहो करायचे. “साहेब, वळा. साहेब, हलू नका.”

आणि दादाही कोट चढला की तो माणूसच व्हायचा. बँकेतल्या मॅनेजरचा कोट असला तर पोट पुढं काढून, डोळे अर्धे मिटून म्हणायचा, “तुमच्या अर्जाचं काय ते आपण उद्या बघू.” टाचण्यांची डबी धरून उभा असलेला बारक्या हसून हसून डबी सांडायचा, बाबा ओरडायचे, आई वरून ओरडायची, की खाली काय चाललंय. एकदा तर एका नवरदेवाचा कोट घालून हा पठ्ठ्या कोपऱ्यावर पाव आणायला गेला, आणि तिथं तोच नवरदेव उभा. “कोट झकास आहे हो तुमचा,” तो बापडा म्हणाला, “कुणी शिवला?” दादानं चेहऱ्यावरची रेषही न हलवता बाबांचा पत्ता दिला. “तिथं टाका,” म्हणाला, “पण घाई करू नका त्यांना.” घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबा मारायला धावले आणि अर्ध्या वाटेत हसत खाली बसले.

आता बारक्या अंधारात हसला, आणि हसता हसता थांबला. कारण पुढचं आठवल्याशिवाय राहत नव्हतं. त्या थंडीत एका वकिलाचा कोट दादाच्या अंगावर होता. “बाबा, थंडी वाजतेय,” दादा म्हणाला. बाबांच्या तोंडात टाचण्या होत्या. “नीट उभे राहा साहेब, झालंच,” ते म्हणाले. दादा उभा राहिला. काम संपेपर्यंत उभा राहिला, मग खुर्चीत बसला तो बसलाच. ताप डोक्यात गेला होता. दवाखान्यात नेला, आणि तिथून परत आणला तेव्हा त्याला कशाचीच थंडी वाजत नव्हती. वकील अर्धवट कोट घेऊन गेला. त्यावर कुणी काही बोललं नाही, पण बाबांनी तेव्हापासून कुणालाही ‘नीट उभे राहा’ असं म्हटलेलं बारक्यानं ऐकलं नव्हतं.

त्याला दादाचा राग आला. गेलेल्या माणसाचा इतका राग येऊ शकतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. जाऊन दोन वर्षं झाली, तरी याचंच माप सगळ्यांच्या हातात. लगेच त्याला स्वतःचा राग आला. मग तो उठून बसला आणि फोन हातात घेतला.

आई ताईकडे होती. ताईला मूल झालं तेव्हा महिनाभरासाठी म्हणून गेली, ती तिकडचीच झाली. त्या घरात निदान कुणीतरी मोठ्यानं रडतं, असं ती एकदा ताईला म्हणाली होती आणि ते बारक्यानं फोनवर ऐकलं होतं. दुकानात बटणांची काजं करायचं काम आईचं. जाताना तिनं चष्मा नेला, शाल नेली, काजाचा रेशमी दोराही नेला. बारक्याला नेलं नाही. बाबांना एकटं कसं सोडायचं, असं कारण होतं आणि ते खरंही होतं. पण खरं असलं म्हणून काही दुखायचं राहत नाही.

एवढ्या रात्री ती उचलणार नाही या भरवशावर त्यानं फोन लावला. तिनं पहिल्याच रिंगला उचलला.

“काय रे बाळ? बरं आहे ना सगळं?”

“हो. तू जागीच?”

“आत्ताच डोळा लागला होता,” आई म्हणाली. हे धादांत खोटं होतं, तिचा आवाज स्वच्छ होता. “बॅग भरलीस? बनियन घेतलेस? पहाटे गार असेल, कानाला गुंडाळ काहीतरी.”

“आई, कोट झाला.”

“झाला? कसा झालाय?”

“छान झालाय.” त्यानं दुसऱ्या पलंगाकडे पाहिलं. “आई, दादाचा डावाच खांदा ना गं उतरता?”

ताईच्या घरातलं घड्याळ वाजत होतं, तेवढं ऐकू आलं. आई उभा जन्म टेलरच्या घरात राहिलेली बाई. तिला आणखी काही सांगायची गरज नव्हती.

“काजं कुणी केली?” तिनं विचारलं.

“बाबांनीच.”

“मी करायला हवी होती,” आई म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. “मी तिथं असते तर कापड टेबलावर असतानाच... बाळ, तू त्यांना...”

तिनं वाक्य पुरं केलं नाही. सांग म्हणाली असती तर त्यानं सांगितलं असतं. सांगू नकोस म्हणाली असती तर तो निदान तिच्यावर चिडला असता. ती नुसती रडत राहिली, आणि शेवटी बारक्यालाच म्हणावं लागलं, “अगं, रडू नकोस. चांगला झालाय खरंच. ठेवतो मी.”

फोन ठेवल्यावर त्यानं ठरवलं. सांगायचंही नाही आणि असा घालायचाही नाही. डाव्या खांद्याचं अस्तर थोडं उसवायचं, वरची गादी काढून घ्यायची, आणि दिसणार नाही असं परत टिपायचं. एवढं काम त्याला येत होतं. बाबांना कळायच्या आत बस निघून जाईल. तो अनवाणी खाली आला, मशीनवरचा दिवा लावला, ब्लेड शोधलं आणि कुठं उसवायचं याची खूण करायला म्हणून कोट पुन्हा अंगात घातला.

खडू हातात घेतला, आणि हात उचलेना. खांद्यावरची ती गादी फार नीट बसवली होती. बाबांना तो खांदा अजून मिलिमीटरपर्यंत पाठ होता. बारक्या मान खाली घालून उभा राहिला. दिवा त्याच्या मागं होता, आरशात नुसता काळा कोट दिसत होता.

जिना वाजला. त्याला वळायलाही वेळ मिळाला नाही.

“काय साहेब,” मागून बाबा म्हणाले. “काय म्हणतोय कोट?”

तो आवाज बारक्यानं दोन वर्षांत ऐकला नव्हता. गोळीनं जड झालेला, झोपेत भिजलेला, पण हसरा. त्यात लाड होते.

“थांबा. वळू नका. मागून बघू द्या.”

बाबांची पावलं जवळ आली. आत्ता वळून ‘बाबा, मी आहे’ म्हणायला काय लागत होतं? रात्रभर तो ज्यासाठी तळमळत होता ते एका वाक्यावर येऊन ठेपलं होतं. बाबांचे दोन्ही तळवे त्याच्या पाठीवर टेकले, वर सरकले, खांद्यांकडे गेले. आणि बारक्यानं डावा खांदा खाली सोडला. ठरवून नाही. तो खांदा आपोआप गेला.

कोट बसला. सगळीकडून, एकदम, जसा तो बसायचा होता तसा.

बाबांच्या हातांनी डावा खांदा दाबून पाहिला, कड चाचपली, दंडावरून खाली येत एक सुरकुती मोडली. “वा,” ते म्हणाले. “बसला.” मग त्यांनी त्या खांद्यावर हलकेच थोपटलं, जांभई दिली, आणि भिंतीला हात लावत जिना चढून गेले. थोड्या वेळानं वरून घोरण्याचा आवाज आला. गोळी घेऊनही रात्र रात्र कूस बदलणारा माणूस गाढ झोपला होता.

बारक्यानं आधी कोट काढला, हँगरला लावला, आणि मग तो रडला. कोटावर डाग पडला असता. टेलरच्या घरातलं पोर ते, रडतानाही कापड जपतं. तो कापायच्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात बसून, तोंडात एक चिंधी धरून रडला, कारण वर बाबांची झोप मोडता कामा नये.

सकाळी बाबा दाढी करून, भांग पाडून तयार होते. चहा ओतता ओतता म्हणाले, “रात्री मी खाली आलो होतो का रे?”

“नाही,” बारक्या म्हणाला.

“मग स्वप्न असेल.” त्यांनी कपातली साखर फार वेळ ढवळली. “घाल कोट. बघू.”

दुकानाचं दार उघडं होतं आणि आत पहिला स्वच्छ उजेड आला होता. बारक्यानं कोट घातला, बटण लावलं, खांदा खाली सोडला आणि समोर बघत उभा राहिला. बाबांनी त्याला पायापासून बघायला सुरुवात केली, तशी त्यांची रीतच होती. नजर बाह्यांवर आली तिथं थांबली. बोटांची टोकं तेवढी बाहेर दिसत होती. मग नजर वर गेली, डाव्या खांद्यावर आली, आणि तिथून हललीच नाही.

रात्रीची गोष्ट वेगळी आणि उजेडाची वेगळी. उजेडात त्या माणसाची नजर उभ्या जन्मात चुकली नव्हती. त्यांचा हात खांद्याकडे निघाला, मध्येच थांबला, आणि कॉलरवर नसलेला दोरा त्यांनी चिमटीत धरून काढल्यासारखं केलं.

“बसलाय ना रे?” त्यांनी विचारलं. गिऱ्हाइकाला हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नव्हता.

“हो बाबा. अगदी मापाचा आहे.”

बाबा सुईदोरा घेऊन त्याच्यासमोर स्टुलावर बसले. बाह्या आत मुडपून टाके घालायला लागले. उजवी झाली. डावी घेतली. घालता घालता त्यांनी त्याचं मनगट बोटांच्या कड्यात धरलं आणि ते कडं सैल राहिलं. सुई तशीच थांबली.

“हात इतके बारीक आहेत तुझे?” ते म्हणाले.

“पहिल्यापासूनच आहेत.”

बाबांनी मान वर केली नाही. दोरा दातानं तोडायचा होता, तो त्यांना बराच वेळ तुटेना.

बसपर्यंत दोघं चालत आले. बॅग बाबांनी घेतली होती. बारक्याचा खांदा दुखायला लागला होता, पण त्यानं तो वर घेतला नाही. खिडकीची जागा मिळाली. बाबा खाली उभे राहिले, खिडकीच्या दांडीला धरून, इकडं तिकडं बघत. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं तेव्हा त्यांच्या तोंडून शब्द आले, तेही दांडीकडेच बघत.

“सुट्टीला आलास की माप घेतो तुझं.” मग म्हणाले, “टेपनं.”

बारक्यानं मान हलवली. तोंड उघडलं असतं तर भलतंच काहीतरी बाहेर आलं असतं. बस हलली, आणि त्यानं सकाळपासून खाली धरलेला खांदा सोडून दिला, तो सरळ वर आला. कोट लगेच डावीकडे चढला, कॉलर मानेपासून सुटली, छातीवर एक तिरकी घडी पडली. दोन वर्षं मनात जपलेलं माप भर रस्त्यात असं चुकीचं ठरताना बाबांनी बघितलं. त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला, हात दांडीवरून सुटला.

रात्रभर बारक्याला हेच हवं होतं. ते मिळालं तेव्हा त्याला कळलं, की त्यासाठी दोघांनाही दादाला आणखी एकदा सोडावं लागलं होतं, आणि या वेळी तापावर खापर फोडायची सोय नव्हती. काच खाली ओढून, कोट विसकटून तो मागं वळून बघत राहिला. बाबा रस्त्याच्या कडेला उभे होते, रडत होते, आणि त्याच्याकडे बघत होते.